माझ्या कागदावरचं परकं फळ

मित्रांनो, मी एक जुनी, वाळलेली डहाळी आहे. वाळलेली म्हणजे शेकोटीत टाकायच्या लायकीची, असं मात्र समजू नका. मला जाड पांढऱ्या कागदावर डिंकाने चिकटवलंय, जागोजागी बारीक पट्ट्यांनी बांधलंय आणि लाल पुठ्ठ्याचं आवरण घालून लोखंडी कपाटात ठेवलंय. या संग्रहालयात माझ्यासारख्या डहाळ्या ढिगाने आहेत, पण त्या साध्या खाकी आवरणात. लाल आवरण फक्त तिला, जिच्यावरून एखाद्या झाडाला जगात पहिल्यांदा नाव दिलं गेलं. म्हणजे मी मोठी मानाची. पण खरं सांगू का, कपाटाचं दार उघडून कोणी माझ्या आवरणाला हात घातला, की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मेलेली तर मी आहेच म्हणा. तरीही होतं.

माझा जन्म एका डोंगराच्या उतारावर, रस्त्याच्या वळणाशी उभ्या असलेल्या मोठ्या झाडावर झाला. दालचिनी, तमालपत्र, कापूर ही नावं तुम्हाला ठाऊक असतीलच. तेच आमचं कुळ. घराणं सुगंधी, पण त्यात एक खोड आहे. आम्ही सगळे एकसारखे दिसतो. तीच चकचकीत हिरवी पानं, तीच मसुरीच्या दाण्याएवढी पिवळट फुलं. जुळ्या बहिणी परवडल्या, त्यांना निदान त्यांची आई तरी ओळखते! आम्हाला ओळखायचं तर फूल गरम पाण्यात भिजवावं लागतं, सुईने हळूच उलगडावं लागतं आणि भिंगाखाली धरावं लागतं. आमच्या परागकोशांना इवल्या इवल्या झडपा असतात. त्या वर उचलल्या गेल्या की पराग बाहेर पडतो. कोणाला दोन झडपा, कोणाला चार. फळांचंही तसंच. कोणाचं फळ उघडंच देठावर बसतं, तर कोणाचं छोट्याशा वाटीत.

माझ्या आईला चार झडपा आणि फळ उघडं. अगदी साधं, सगळीकडे आढळणारं झाड. तिच्या शेजारी आमच्याच कुळातलं दुसरं एक झाड उभं होतं. अंगाने किरकोळ, पण त्याचं फळ असं देखणं की काय सांगू! खोल वाटी आणि वाटीच्या काठाला नाजूक दाते. त्याच्यासारखं दुसरं झाड त्या डोंगरावर मी पाहिलं नाही. दोघांच्या फांद्या एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या, की खाली उभं राहिलेल्याला कोणती कोणाची ते कळायची सोय नव्हती.

एके दिवशी तिथे बाई आल्या. झाडं ओळखणं आणि नव्या झाडांना नावं देणं, हा त्यांचा व्यवसाय. घरी त्यांच्या लेकराला ताप होता. लेकरू माईंपाशी होतं. माई म्हणजे बाईंच्या सासूबाई. मूल झाल्यावर सगळा गोतावळा बाईंना म्हणाला होता, ‘आता पुरे झालं ते डोंगर चढणं.’ तेव्हा माई एकट्या म्हणाल्या होत्या, ‘लेकराला मी बघते. तू जा. आणि सावकाश ये.’ त्या दिवशीही निघताना त्या तेच म्हणाल्या होत्या. हे सगळं मला कसं ठाऊक, असं विचाराल. बाईंना काम करताना पुटपुटायची सवय आहे आणि मला ऐकण्याशिवाय दुसरा धंदा नाही.

माई कितीही सावकाश म्हणाल्या, तरी आईचा जीव तो. बाईंचं सगळं लक्ष घराकडे. खाली रस्त्यावर गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. बाईंनी लांब काठीच्या कात्रीने मला कापलं. फुलं होती, पानं होती, फळ मात्र नव्हतं. इतक्यात त्यांची नजर पायाशी गेली. पानांच्या पाचोळ्यात ती वाटीवाली फळं पडलेली होती, ताजी, टवटवीत. बाईंनी चटकन चार-पाच उचलली आणि माझ्यासोबत पिशवीत टाकली.

मित्रांनो, या धंद्यात पोरासोरांनाही पहिल्या दिवशी शिकवतात, की जे फांदीला लागलेलं आहे तेच त्या झाडाचं धरायचं. खाली पडलेलं कुठूनही येऊ शकतं. बाई स्वतः हे शिकवत असत. त्या दिवशी त्यांनी फक्त मान वर करून बघायला हवं होतं. वर शेजारच्या झाडाच्या फांदीला तशीच दोन फळं लटकत होती. मला दिसत होती. पण मला तोंड कुठे होतं सांगायला?

मग टीपकागदांत दाबून, लाकडी फळ्यांमध्ये आवळून, ऊब देऊन मला वाळवलं. कागदावर निजवलं. माझ्या पायाशी, उजव्या कोपऱ्यात, ते वाटीतलं फळ चिकटवलं. बाकीची फळं छोट्या पाकिटात घालून पाकीटही तिथेच लावलं. दुसऱ्याचं लेकरू मांडीवर देऊन कोणी फोटो काढावा, तशी मी अवघडून बसले.

बाईंनी माझं एक फूल भिजवलं, झडपा मोजल्या. चार. पानं मोजली, शिरा पाहिल्या. ‘हे तर ते नेहमीचंच झाड,’ त्या पुटपुटल्या. आणि मग त्यांनी फळ पाहिलं. ‘पण ही वाटी? ही दातेरी वाटी कुठून आली?’ त्यांनी पुस्तकं उलटीपालटी केली, दूरदूरच्या संग्रहालयांतून फोटो मागवले. अशी पानं, अशी फुलं आणि असं फळ, तिन्ही एकत्र कुठेच नव्हतं. नसणारच! आम्ही दोघं एका झाडावर कधी नव्हतोच. पण बाईंना वाटलं, झाड नवं आहे. त्यांनी माझं लांबलचक वर्णन लिहिलं, पानांचं, फुलांचं, आणि शेवटी फळाचं. झाडाला नाव दिलं माईंचं.

नाव छापून आलं आणि आठवड्याभरात माई आम्हाला बघायला आल्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, बोलक्या. बाईंनी मला टेबलावर मांडलं. माईंनी चष्मा सारखा करून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘अगंबाई, ही मी? केवढी वाळलेय गं!’

‘माई, ती झाडाची फांदी आहे,’ बाई हसत म्हणाल्या.

‘ते कळलं मला. पण नाव माझं आहे ना? मग जरा बरी दिसणारी तरी निवडायचीस.’ मग त्या खाली वाकल्या. ‘हे फळ मात्र छान आहे हो. वाटीत बसल्यासारखं.’ त्यांनी बोट पुढे केलं, बाईंनी ‘हात नका लावू’ म्हटलं तसं मागे घेतलं. डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘माझ्या सात पिढ्यांत कोणाचं नाव कागदावर आलं नव्हतं. आलं ते थेट झाडावर आलं.’

त्या क्षणी मला पहिल्यांदा लाज वाटली. त्याआधी नुसतं अवघडल्यासारखं होतं.

पुढची वर्षं कौतुकाची गेली. विद्यार्थी यायचे, पाहुणे यायचे. ‘काय ती वाटी! काय ते दाते!’ माझ्या पानांकडे, माझ्या फुलांकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. ज्याचं कौतुक व्हायचं ते माझं नव्हतं, आणि जे माझं होतं त्याचं कौतुक नव्हतं. तिकडे माई भेटेल त्याला सांगत सुटल्या होत्या. भाजीवाल्याला, डॉक्टरला, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला. ‘माझ्या नावाचं झाड आहे. उगीच नाही.’ बाई हे सगळं संग्रहालयात येऊन हसत सांगायच्या. सगळ्या खोलीला हसू यायचं. मी कागदाला अजून घट्ट चिकटून राहायचे.

बरीच वर्षं लोटली. बाईंचे केस पांढरे झाले. एकदा त्या पुन्हा त्या डोंगरावर जाऊन आल्या आणि आल्या त्या तडक माझ्याकडे. हातात माझ्या आईची ताजी फांदी. या वेळी फळं फांदीला लागलेली होती. उघडी. वाटी नाही, दाते नाहीत, काही नाही.

बाईंनी ती फांदी माझ्या शेजारी ठेवली. माझ्या पायाशी चिकटवलेलं फळ भिंगाखाली बघितलं.

‘शेजारचं,’ त्या पुटपुटल्या. ‘ते शेजारचं झाड. आज मान वर करून बघितलं तेव्हा दिसलं. फांदीत फांदी गुंतलीय. देवा रे, मी खालून उचललं होतं!’

मला वाटलं, सुटले! आता बाई सगळं लिहून टाकतील. शेजारच्या झाडाची फुलं गोळा करतील, त्याला त्याचं नाव मिळेल, माझ्या अंगावरचं परकं फळ उतरेल. बाईंनी लिहायला घेतलंही. पण त्या संध्याकाळी घरी जाऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी लिहिलेला कागद त्यांनी खणात सरकवला. ‘माई आहेत तोवर राहू दे,’ त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. ‘कोणाचं काय बिघडतंय?’

आणि माई काही लवकर जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. ऐंशी उलटली तरी ठणठणीत. एका वाढदिवसाला त्या आपल्या शेजारणींचा घोळका घेऊन संग्रहालयात आल्या. ‘दाखव गं यांना मला!’ त्यांनी दारातूनच हाक मारली. बाईंनी मला बाहेर काढलं. माईंनी सगळ्यांना ते फळ दाखवलं, वाटी दाखवली, दाते दाखवले. एकीने विचारलं, ‘हे सगळं एकाच झाडाचं का हो?’ माई म्हणाल्या, ‘मग? माझ्याच झाडाचं!’ आणि बाईंकडे वळून, ‘काय गं, हो की नाही?’

‘हो माई,’ बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी त्या वेळी सुकलेली नसते, तर तिथल्या तिथे सुकले असते.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातंय. एके दुपारी मी टेबलावर होते, तेव्हा बाईंना वनाधिकाऱ्याचा फोन आला. डोंगरावरचा रस्ता रुंद होणार होता. माणूस भला होता. बाईंना ऐकायला कमी येऊ लागलं होतं, म्हणून त्या फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलत. मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

‘मॅडम, वळणावरची झाडं तोडायला लागणार. पण तुमच्या त्या नव्या जातीचं झाड आहे ना तिथे? सासूबाईंच्या नावाचं? तेवढं आपण वाचवू. त्याला खूण करून ठेवतो, रस्ता थोडा वळवून घेऊ. कोणतं ते सांगा.’

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं.

‘मॅडम, ऐकू येतंय ना?’

‘वळणाशी जे सगळ्यांत मोठं आहे ते,’ बाई म्हणाल्या. ते म्हणजे माझी आई. मग थोडं थांबून, ‘त्याच्या आजूबाजूचीही राहू द्या ना.’

‘आजूबाजूची किती म्हणून ठेवणार? शेजारी एक बारकं आहे, त्याच्यात काही खास आहे का?’

बाईंच्या तोंडात उत्तर आलं होतं. मला दिसलं. ओठ उघडले होते. पण ‘खास आहे’ म्हटलं की ‘काय खास आहे’ हा प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर माझ्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चिकटलेलं होतं.

‘नाही,’ बाई म्हणाल्या. ‘तसं काही नाही.’

माझी आई वाचली. तिच्या बुंध्याला लाल रंगाचा पट्टा मारला, भोवती कुंपण घातलं. जी साधी, कुठेही आढळणारी, ती वाचली. आणि जे तसलं एकुलतं एक होतं, ज्याच्या फळाच्या जोरावर माझी आई वाचली, ते तोडलं. बाई दोन रात्री तळमळल्या आणि तिसऱ्या दिवशी ‘तेही ठेवा’ म्हणून सांगायला निघाल्या. तोवर तिथे बुंधा उरला होता. लाकूड कुणीतरी घेऊनही गेलं होतं. आई वाचल्याची लाज वाटणारी डहाळी जगात दुसरी कोणी नसेल. मला वाटते.

घरी बोलता येईना, म्हणून बाईंनी माईंना संग्रहालयात आणलं. दोघीच. मला मध्ये मांडलं.

‘आज काय वाढदिवस नाही, काही नाही. मला कशाला फरफटत आणलंस?’ माई म्हणाल्या.

‘माई, हे फळ या फांदीचं नाही.’

‘सुटलं का? मग चिकटव की परत. डिंक नाही का इथे?’

‘सुटलं नाही हो. हे त्या झाडाचंच नाही. शेजारच्या झाडाचं होतं. मी घाईत खालून उचललं आणि एकत्र चिकटवलं.’ आणि मग बाई बोलतच राहिल्या. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. जुनं साधं झाड, खणात सरकवलेला कागद, फोन, ‘तसं काही नाही’, बुंधा.

माईंनी काठी टेबलाला टेकवली. ‘कधीपासून ठाऊक होतं तुला?’

‘तीन-चार वर्षं झाली.’

‘म्हणजे मी त्या सगळ्यांना घेऊन आले होते तेव्हा ठाऊक होतं.’

बाईंनी मान हलवली.

‘चुकलीस त्याचं काही नाही गं,’ माई म्हणाल्या. ‘लेकरू तापाने फणफणलेलं, गाडीवाला कोकलतोय, चुकतं माणूस. पण मी मिरवत होते आणि तू बघत होतीस. मला मिरवू दिलंस तू.’

‘तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...’

‘आणि आता काय, बरं वाटतंय?’

बाई रडायला लागल्या. माईंनी त्यांना थोडा वेळ रडू दिलं. जवळ घेतलं नाही. मी बघत होते.

मग बाई डोळे पुसत म्हणाल्या, ‘माई, एक वाट आहे. एका कागदावर दोन झाडं निघाली, तर नाव दोघांपैकी एकाकडे ठेवायचं असतं. ते या फळाकडे ठेवता येईल. फळ खरंच नवं आहे. तुमचं नाव राहील.’

‘येईल म्हणजे? तुझ्या मनाने ठरवायचं?’

बाई खाली बघू लागल्या. ‘तसं नाही. पहिल्या वर्णनाशी जे जास्त जुळतं, त्याच्याकडे ठेवायचं असतं.’

‘आणि तू वर्णन कोणाचं केलं होतंस जास्त?’

‘पानांचं आणि फुलांचं. फळाच्या चारच ओळी आहेत. पण त्या झाडाला आधीपासून नाव आहे, तुमचं तिथे बुडेल.’

‘मग झालं तर!’ माई म्हणाल्या. ‘त्या बिचाऱ्याचं फळ घेतलं, त्याची जागा घेतली, जीवही घेतला. आता वर माझं नावही त्याच्या गळ्यात अडकवू नकोस. या वाळकीकडेच राहू दे ते. आणि बुडू दे.’

बाईंनी ओलसर फडका लावून डिंक मऊ केला आणि ते फळ माझ्या अंगावरून उतरवलं. पाकीटही सोडवलं. फळ वेगळ्या कागदावर गेलं, साध्या खाकी आवरणात. त्याच्यावर नाव नाही. फुलं मिळाल्याशिवाय, झडपा मोजल्याशिवाय नाव देता येत नाही. माझ्या कागदावर बाईंनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यात लिहिलंय, की ही डहाळी त्या जुन्या साध्या झाडाची आहे, माईंचं नाव यापुढे वापरू नये आणि ही चूक माझी आहे. तेच त्यांनी छापूनही आणलं. अधिकाऱ्यालाही सांगितलं.

आणि माईंनी काय केलं असेल? काठी टेकत टेकत त्या प्रत्येक शेजारणीच्या दारात गेल्या. भाजीवाल्याकडे गेल्या, डॉक्टरकडे गेल्या. ‘ते झाड माझं नव्हतं हो. चुकून सांगितलं.’ बसमधल्या त्या बाईला मात्र शोधायचं कुठे, याची त्यांना खंत आहे. बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत.

त्या बुंध्याला आता फुटवे आलेत. बारीक, लवलवीत. बाई आता थकल्यात, तरी दर बहराला जाऊन येतात. फुटव्याचं पान चुरगाळून वास घेतात आणि मान वर करून, मान खाली करून बघतात. फुलं नाहीत. किती वर्षांनी येतील, येतील की नाही, कोणालाच ठाऊक नाही. माई दारातच बसलेल्या असतात. ‘आली का गं फुलं?’ ‘नाही माई.’ ‘येऊ देत. सावकाश येऊ देत.’ एवढंच बोलणं होतं. मधे तेही बंद झालं होतं, पण आता निदान बोलणं होतं.

मी अजून लाल आवरणातच आहे. तुम्हाला वाटेल, चूक उघडी पडल्यावर मला काढून टाकलं असेल. नाही. बुडालेल्या नावाचाही पुरावा जपून ठेवावा लागतो, म्हणजे पुन्हा कोणी तीच चूक करू नये. माझ्या उजव्या कोपऱ्यात, फळ होतं तिथे, एक गोल डाग राहिलाय. मला बघायला येणाऱ्याची नजर आधी त्या डागावर जाते, मग चिठ्ठीवर, आणि सगळ्यांत शेवटी माझ्या पानांवर. माझी पानं खरी आहेत, एवढंच सांगते.

मित्रांनो, मला कसरीपासून जपा, ओल लागू देऊ नका, असं मी म्हणणार होते. पण मला जपणारे पुष्कळ आहेत. तुम्ही एवढंच करा. झाडाखाली पडलेलं काही उचलाल, तेव्हा एकदा मान वर करून बघा. आणि शेजारच्या बारक्या झाडाबद्दल तुम्हाला कोणी विचारलं, ‘त्याच्यात काही खास आहे का?’ तर तुम्हाला जे ठाऊक आहे ते त्याच क्षणी सांगून टाका. तिसऱ्या दिवशी नको.